केशिकातला साबण

१४ ऑक्टोबर

सालकिन आपा आज शिवणाच्या कारखान्यात आली — जेवणाच्या सुट्टीत, सगळ्या बायकांदेखत. "उल्कान, माझ्या सिर्गाला मशीनवर बसव. काजं-बटणं तरी शिकेल."

सिर्गा तिची नात. चौदाची, आठवीत. मी म्हटलं, आपा, पोर गणितात पहिली म्हणून तुम्हीच गल्लीभर सांगत फिरता ना! तर म्हणाली, "होती पहिली. आता दर महिन्याला चार-पाच दिवस पोट दुखतं म्हणून घरात पडून असते. मग अभ्यास बुडतो, मग रडते. रडायचंच आहे तर मशीनवर बसून रडू दे. कोळशाला तरी हातभार लागेल."

बायका हसल्या. मी नाही हसले. चौदा वर्षांच्या मुलीचं दर महिन्याला पोट का दुखतं, हे मला कुणी शिकवायला नको.

म्हटलं, नौरुझपर्यंत थांबा, मशीन रिकामं नाही. धडधडीत खोटं! दोन मशीनं धूळ खात पडली आहेत. पण नौरुझचा सण मार्चात. तेवढा वेळ मिळाला.

१६ ऑक्टोबर

शाळेत जाऊन आले. सिर्गाच्या बाई, वेनेरा, फार बोलत नाहीत, पण विचारलं तर लपवतही नाहीत. "संडास अंगणाच्या टोकाला. कडी तुटलेली, पाणी नाही. पोरी त्या दिवसांत येतच नाहीत, आणि आल्या तर बाकावरून उठत नाहीत. सुटताना कोट कमरेला बांधून जातात. एवढ्या थंडीत!"

सिर्गाची आई मॉस्कोत लोकांच्या घरी फरशा पुसते. ती पाठवते ते पीठ आणि कोळशात संपतं. त्या घरात कपडे धुवायच्या साबणानेच डोकं धुतात. तिथे पॅड कुठून येणार?

ठरवलं. ती पोर माझ्या कारखान्यात बसणार नाही. बसलीच तर शाळा संपल्यावर, आणि तीसुद्धा हिशेब बघायला.

१९ ऑक्टोबर

केंजेकानच्या दुकानातून पॅड, अंगाचा साबण, टूथपेस्ट घेतली. दुकान गल्लीच्या तोंडाशी, आणि केंजेकानचं तोंड दुकानापेक्षा मोठं. तिने पॅड वर्तमानपत्रात गुंडाळले, वर काळी पिशवी, त्यावर आणखी एक काळी पिशवी. म्हटलं, बाई, मी काय दारू नेतेय? म्हणाली, "दारू असती तर उघडी दिली असती."

सालकिन आपाकडे गेले. तिने चहा दिला, पाव पुढे केला, सगळं रीतसर. पिशवी मात्र उघडून बघितली आणि परत माझ्या मांडीवर ठेवली.

"आम्ही खैरात घेत नाही."

मी म्हटलं, खैरात कसली, शेजारधर्म आहे. तर म्हणते कशी — "शेजारधर्म! दुसऱ्याचं बघायचं वाकून आणि आपलं ठेवायचं झाकून."

अस्सा संताप आला! मी काय झाकून ठेवलंय? माझ्या घरात काय कमी आहे? मुलगा रशियात बांधकामावर आहे, दर महिन्याला माझ्या नावावर पैसे पाठवतो. सून घरात, दळणापासून दुधापर्यंत सगळं मी स्वतः आणते. तिला कधी काही मागावं लागत नाही. म्हातारी आहे म्हणून ऐकून घेतलं.

२० ऑक्टोबर

राग गेला नाही. बेतही गेला नाही.

३ नोव्हेंबर

आज जे झालं ते लिहिताना हसावं की रडावं कळत नाही.

मला वाटलं, एकट्या आपाला दिलं म्हणून तिला लागलं. पाच घरांत दिलं तर लागणार नाही. आणि काळ्या पिशवीत द्यायचं नाही, छान कापडात बांधून द्यायचं. माझी फुलाफुलांची फ्लॅनेलची उशीची खोळ होती, जुनी पण मऊसूत. ती हवी होती. सापडेना. सुनेला विचारलं. जाझगुल खाली मान घालून म्हणाली, "वाऱ्याने उडाली असेल, एने." वारा काय फक्त फ्लॅनेलच उडवतो? चांगली बोलले तिला. शेवटी कारखान्यातून पांढऱ्या कापडाचे तुकडे आणले. कात्री शोधायचा कंटाळा, म्हणून हातानेच टराटरा फाडले. त्यात साबण, पेस्ट, पॅड — गाठोडी बांधली आणि पाच घरांत देऊन आले.

पहिल्याच घरी म्हाताऱ्याने गाठोडं बघितलं, उभा राहिला, दोन्ही हात पसरून दुवा म्हणायला लागला. मला वाटलं, किती देवभोळा माणूस! दुसऱ्या घरी बाईने डोक्यावरच्या रुमालाने डोळे टिपले आणि मला मिठी मारली. तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

फाडलेलं पांढरं कापड! त्यात साबण! मयताच्या घरून वाटतात ती झिर्तिश! पन्नाशी उलटली, शंभर मयतांना गेले, शंभर वेळा असं गाठोडं घरी आणलं — आणि स्वतःच्या हाताने गल्लीभर झिर्तिश वाटून आले.

घरी पोचते तर अंगणात माणसं. पुरुष रिवाजाप्रमाणे फाटकापासूनच मोठ्याने हंबरडा फोडत येत होते. केंजेकान दुकान उघडं टाकून आलेली, गुडघ्यावर हात मारून रडत होती. कोण गेलं हे कुणालाच माहीत नव्हतं, तरी सगळे रडत होते. आणि जाझगुल दारात बसलेली, पांढरीफटक. तिला वाटलं, एमिल गेला. "एने, खरं सांगा," एवढंच म्हणत राहिली. दहादा सांगितलं, कुणी नाही गेलं गं, तुझा नवरा धडधाकट आहे, साबण आहे तो फक्त! फोन लावून एमिलचा आवाज ऐकवला तेव्हा कुठे उठली. उठली आणि आलेल्या सगळ्यांसाठी चहा टाकायला गेली.

केंजेकान डोळे पुसत म्हणाली, "मेलं नाहीच कुणी? मग माझं रडणं परत दे."

सालकिन आपा गर्दी पांगल्यावर आली. गाठोडं माझ्या हातात दिलं. "मेलेलं कुणी नाही, मग मी हे कशाबद्दल ठेवू? घे परत."

४ नोव्हेंबर

सकाळपासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. आपाने ते गाठोडं घेतलं होतं! मयताचा वाटा आहे असं वाटलं तोवर मुकाट घेतलं. खैरात आहे कळल्यावर परत केलं. साबण तोच, पॅड तेच.

वाट्याला कुणी नाही म्हणत नाही.

१० नोव्हेंबर

पलीकडच्या गल्लीत बाळाचं जेवण होतं. उठताना रिवाजाप्रमाणे प्रत्येकीच्या हातात केशिकाची, घरी न्यायच्या वाट्याची पिशवी — मांसाचा तुकडा, तळलेले बोर्सोक, मूठभर गोळ्या. सालकिन आपाने आपली पिशवी उजेडात धरून बघितली आणि यजमानीणबाईला म्हणाली, "माझ्यात हाड कुठाय? माझ्या वयाच्या बाईला हाडाशिवाय पाठवतेस?" तिने मागून घेतलं! हक्काने!

केशिकाची पिशवी पारदर्शक असते, सगळ्या गल्लीला दिसते, तरी कुणाला लाज नाही. उलट न नेणारा उद्धट. आणि पॅडला दोन-दोन काळ्या पिशव्या.

मला रस्ता सापडला. घरी येईतो पाय जमिनीवर नव्हते.

१७ नोव्हेंबर

गल्लीतल्या सात जणींना बोलावलं. म्हटलं, हिवाळाभर शेरिने करू — आळीपाळीने महिन्याला एकीकडे जेवायचं, उरतील त्यांची पाळी पुढच्या हिवाळ्यात. फक्त आपल्या शेरिनेत केशिक म्हणून मांसाचा ढीग नको. थोडे बोर्सोक, आणि साबण, पेस्ट, पॅड. सगळ्या घरांना सारखं.

मग केंजेकान म्हणाली, "साबण चहात बुडवून खायचा की लोण्याबरोबर?"

दुसरी म्हणाली, "आणि ते... ते दुसरं जेवायच्या दस्तरखानावर ठेवायचं? रोटीशेजारी?"

म्हटलं, त्याच्यामुळेच तू आणि मी जन्माला आलो, रोटीशेजारी बसायचा त्याचा मान आहे. यावर मात्र हसू फुटलं. माल केंजेकान घाऊक भावात आणणार. वर म्हणाली, "काळ्या पिशव्यांचा खर्च वाचला."

सालकिन आपा कोपऱ्यात बसून ऐकत होती. सगळ्यात शेवटी बोलली. "मी बसेन. पण मी नुसती खाणार नाही. मलाही पाळी पाहिजे."

आणि केंजेकान! "आपा, या वयात?"

इतक्या हसलो की किटलीवरचं झाकण पडलं. सालकिन आपासुद्धा हसली, तिचे दोनच दात दिसले. तिची पाळी मार्चात लावली, नौरुझच्या आधीची. या हिवाळ्यातली शेवटची.

५ डिसेंबर

पहिली शेरिने माझ्याकडे झाली. पाकिटांना दोरा बांधून पिशव्या जाझगुलने भरल्या. तिची ती खास गाठ, फुलपाखरासारखी. मी दोनदा तपासलं, एकही पाकीट कमी नाही. सून हाताची स्वच्छ आहे. दिवसभर तीच राबली — पीठ मळलं, चहा ओतला, हात धुवायला पाणी दिलं, भांडी घासली. सगळ्या म्हणाल्या, उल्कान, नशीब काढलंस. काढलंयच!

सालकिन आपाने पिशवी उजेडात धरून बघितली. मग नातीला हाक मारली — "सिर्गा, घरी ने. सांडू नकोस." बास. एवढंच!

१८ डिसेंबर

सिर्गा या महिन्यात त्या दिवसांतही शाळेत गेली. रोज. कोट अंगात होता, कमरेला नाही. मी खिडकीतून बघून घेतलं.

१५ जानेवारी

दुसरी शेरिने केंजेकानकडे. आता गंमत अशी, की जो शब्द बोलायला या बायका मरत होत्या, तो आता पाण्याच्या नळावर, दुकानात, भर रस्त्यात ओरडून विचारतात — "पुढची पाळी कुणाची?" पुरुष जेवणाचं समजतात आणि मान डोलावतात.

१२ फेब्रुवारी

सगळं पाण्यात गेलं.

कालच्या जेवणात कुणीतरी बोललं. कोण ते लिहीत नाही, ती रडून माफी मागून गेली आहे. "आपा सगळ्यांकडे जेवतात. त्यांच्याकडे आम्ही काय, हवा खायची?" थट्टेत बोलली. सालकिन आपाने घास खाली ठेवला, दुवा म्हटली आणि केशिक न घेता निघून गेली.

आज सिर्गा शाळेत गेली नाही. दुपारी आपा कारखान्यात आली. "नौरुझ म्हणाली होतीस. एवढं कशाला थांबायचं? सोमवारपासून घे पोरीला."

मी म्हटलं, सोमवारी बघू. बोटात सुई गेली.

१३ फेब्रुवारी

रात्रभर विचार केला, तिची समजूत कशी काढायची. सकाळी ठरवलं, समजूत काढायचीच नाही.

तिच्या दारात जाऊन उभी राहिले. म्हटलं, आपा, मी भांडायला आले आहे. माझ्याकडे तुम्ही जेवलात, केंजेकानकडे जेवलात. आता स्वतःची वेळ आली तर पळता? मला माझं जेवण पाहिजे. तुमची पाळी चुकली तर गल्लीभर बोभाटा होईल.

तिचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता चिमटा फेकून मारते. पण तिच्या पाठीला जरा ताठपणा आला. विचारलं, "काय वाढू तुम्हाला? बटाटे?"

"बटाटे वाढा. आम्ही काय राजवाड्यातून येतो?"

"आणि केशिक?"

"ते तुमचं तुम्ही बघा. पण शेरिने आहे तोवर पोरगी शाळेत. मधेच नाव काढायचं नाही."

राहिलेली पिशवी मी बरोबर नेली होती. चुलीशेजारी ठेवली. म्हटलं, ही परवाची, तुमच्या वाट्याची. आमच्याकडे वाटा कुजवत नाहीत. तिने परत दिली नाही.

निघताना तिने हाक मारली. "उल्कान, तुझ्या कोळशाच्या खोपटामागची दोरी माझ्या खिडकीतून दिसते, माहितेय तुला?"

म्हटलं, दिसू दे की. कपड्यांची दोरी आहे, सोन्याची नाही. म्हातारीला बोलण्यात कुरघोडी केल्याशिवाय चैन पडत नाही.

१६ फेब्रुवारी

सोमवार. सिर्गा शाळेत.

२ मार्च

आपाच्या अंगणातून चरबी कढवल्याचा वास येतोय. उग्र! खाटकाकडून फेकायची चरबी आणते म्हणे, आणि चुलीतली राख चाळून ठेवते. काय चाललंय कुणालाच सांगत नाही. जाझगुल परवा कुंपणापाशी तिच्याशी बोलत होती. मी गेले तर दोघी गप्प. विचारलं काय बोलत होतीस, तर म्हणाली, "काही नाही, एने. आपा विचारत होत्या, चरबी गाळायला जुनं काही कापड आहे का." मग दिलंस? "नाही," म्हणाली. "माझ्याकडे जास्तीचं नाही."

१८ मार्च

काय दिवस होता!

सालकिन आपाने बटाटेच वाढले. कांदा आणि चरबीत परतलेले, वर गरम रोटी. आम्ही पातेलं पुसून खाल्लं. सिर्गा चहा ओतत होती, आणि मदतीला म्हणून माझी जाझगुल. मग आपाने आतून टोपली आणली. टोपलीत काळे, ओबडधोबड, मुठीएवढे गोळे.

काळा साबण! चरबी आणि राखेचा, आमच्या आज्या करायच्या तसा. मी लहानपणानंतर बघितला नव्हता. केंजेकानने नाकाशी धरला आणि मोठ्याने रडली — या वेळी खरंखुरं. "आई याने माझं डोकं धुवायची," म्हणाली. कुणी थट्टा केली नाही. फेब्रुवारीत जी बोलली होती तिने आपला गोळा रुमालात बांधून छातीशी धरला.

आपा म्हणाली, "दुकानातलं देणं मला जमलं नाही. हे हाताचं आहे." मग माझ्याकडे वळून, सगळ्यांसमोर, "आणि तुझं मशीन दुसऱ्या कुणाला दे. माझी नात जिल्ह्याच्या गणिताच्या परीक्षेला बसतेय."

जिंकले! जिंकले मी! ऑक्टोबरपासून या एका वाक्यासाठी धडपडत होते.

निघताना तिने माझ्या हातात दोन पिशव्या दिल्या. म्हटलं, आपा, मला एकच. ती म्हणाली, "एक तुझी. दुसरी, जी सगळ्या शेरिनेत उभी होती तिची. केशिक बसणाऱ्यांना मिळतं. ओतणारीला कोण देतं?"

म्हटलं, अहो, माझ्या सुनेला कशाला, ती घरचीच आहे. आपाने पिशवी माझ्या मुठीत घट्ट दाबली आणि टोपली घेऊन आत गेली.

१९ मार्च

दुसरी पिशवी सकाळी उघडली. काळा साबण, आणि पॅडचं एक पाकीट. पाकिटावर फुलपाखरासारखी गाठ — जाझगुलनेच डिसेंबरात बांधलेली. सिर्गाच्या वाट्यातलं म्हातारीने वाचवून ठेवलं होतं.

कोळशाच्या खोपटामागे गेले. तिकडे मी कधी जात नाही, कोळसा जाझगुलच आणते. दोरीवर पुढे चादर होती. चादरीमागे माझी फुलाफुलांची उशीची खोळ वाळत होती. लांब पट्ट्या फाडलेल्या, धुऊन धुऊन फुलं फिकी पडलेली.

आतून तिने हाक मारली, "एने, चहा ओतू?"